मोठ्या पडद्याचा वरच्या दर्जाचा टीव्ही घेताना चित्राची पारख कशी करावी?

जुना_४३_इंची यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे गेली अकरा वर्षे ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे आणि त्याने आजवर कधी कुरकुर केलेली नाही. आता मात्र ७७ इंचांचा, चित्राच्या दृष्टीने वरच्या दर्जाचा टीव्ही घ्यायचा असे घरात ठरले आहे. अशी खरेदी पुढची दहा वर्षे पुन्हा होणार नाही, म्हणून निर्णय घाईने घ्यायचा नाही.

अडचण अशी की एकाच दुकानात तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळा माझे मत बदलले. पहिल्या वेळी एक मिनी एलईडी (मागून अनेक लहान दिव्यांनी उजळणारा एलसीडी) आणि एक ओएलईडी (ज्याचे पिक्सेल स्वतःच प्रकाशतात) असे दोन संच शेजारी शेजारी लावलेले होते. मिनी एलईडीचे चित्र इतके लख्ख होते की त्याच्यापुढे ओएलईडी मलूल वाटला. दुसऱ्या वेळी माझ्या विनंतीवरून विक्रेत्याने त्या कोपऱ्यातले दिवे मालवले आणि रात्रीच्या शहराचे दृश्य लावले, तेव्हा नेमके उलटे झाले. ओएलईडीमध्ये आकाश खरोखर काळे होते, तर मिनी एलईडीत रस्त्यावरच्या दिव्यांभोवती धुरकट वलये दिसत होती. तिसऱ्या वेळी त्याने दोन्ही संच सिनेमा मोडवर नेले आणि दोन्ही चित्रे पिवळट व निस्तेज दिसू लागली. हेच बरोबर चित्र आहे, असे तो म्हणाला. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत उजव्या हाताला मोठी खिडकी आहे आणि कोचापासून टीव्हीची भिंत सुमारे ३ मीटरांवर आहे. रात्री दिवे मंद करून आम्ही दोघे चित्रपट पाहतो. दिवसा वडील बातम्या पाहतात, आणि त्या बराच वेळ चालू असतात. माहितीपत्रकांतले आकडे मी वाचले आहेत, त्यांचा अर्थही थोडाफार कळतो, पण त्यांवरून चित्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही. कोणता टीव्ही घ्यावा, असे मी विचारत नाही. दुकानात पडद्यासमोर उभे असताना नेमके कशाकडे पाहावे, किती वेळ पाहावे आणि स्वतःच्या डोळ्यांवर कुठवर विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील.

करडा_पडदा यांचे उत्तर

मी कलर ग्रेडिंगचे काम करते, म्हणजे चित्रीकरण झाल्यावर प्रत्येक दृश्याचा रंग आणि उजेड ठरवण्याचे. दिवसाचे आठ तास मोजून लावलेल्या मॉनिटरसमोर जातात, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या भेटीबद्दल आधी सांगते. त्या विक्रेत्याचे म्हणणे बरोबर होते, आणि तुम्हाला चित्र पिवळट दिसले हेही तितकेच खरे होते.

चित्रपट आणि मालिका ज्या मॉनिटरवर तयार होतात, त्यांचा पांढरा रंग डी६५ या प्रमाणानुसार, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनला लावलेला असतो. दुकानात चालू असलेल्या व्हिविड किंवा तत्सम मोडमध्ये हा पांढरा बराच निळसर केलेला असतो, कारण निळसर पांढरा आपल्याला अधिक उजळ आणि स्वच्छ भासतो. तुमचे डोळे बराच वेळ त्या निळसर पांढऱ्याला सरावलेले होते. त्यामुळे योग्य पांढरा समोर येताच तो पिवळा वाटणे स्वाभाविक होते. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावून निदान दहा मिनिटे दुसऱ्या कुठल्याही पडद्याकडे न पाहता बसा. तोच पिवळा कागदासारखा पांढरा वाटू लागेल, आणि त्यानंतर कोणी व्हिविड मोड लावला तर चेहरे आजारी दिसतील. फिल्ममेकर मोड हा यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये मांडलेला मोड आहे, आणि टीव्हीने स्वतःच्या मनाने चित्रात केलेले बहुतेक फेरफार तो एका झटक्यात बंद करतो. ज्या संचात तो आहे, त्यात पारख तिथूनच सुरू करावी. विजेची बचत करणारे सेटिंग आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र बदलणारे सेटिंग हीही आधी बंद करून घ्या. संच दुकानासाठीच्या डेमो मोडमध्ये असेल तर तुम्ही बदललेली सेटिंग काही मिनिटांत मूळ जागी परत जातात, तेव्हा संच घरगुती वापराच्या मोडवर आणायला विक्रेत्याला आग्रहाने सांगा.

दोन पडदे शेजारी ठेवून पाहू नका. ज्यात उजेड जास्त तो आपल्याला आवडतो आणि त्याच्या शेजारचा फिका वाटतो. हा कल इतका प्रबळ आहे की वर्षानुवर्षे हेच काम करणारी माणसेही त्यातून सुटत नाहीत. एका वेळी एकच संच पाहा, आणि पाहण्याची दृश्ये घरून घेऊन जा. दुकानातल्या चित्रफितींत काळ्या पार्श्वभूमीवरची फुले, पोपट, मधाची धार असल्याच गोष्टी असतात. त्या वाईट टीव्हीवरही देखण्या दिसतात, कारण त्या फुलाचा रंग मुळात कसा होता हे आपल्याला ठाऊक नसते.

माणसाची त्वचा मात्र ठाऊक असते. माझ्या कामात नव्या मॉनिटरवर मी पहिल्यांदा चेहराच पाहते. खिडकीशी बसलेल्या माणसाचे एखादे संथ दृश्य निवडा, ज्यात अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत असेल. गालावर उजेड संपून सावली सुरू होते त्या दोन बोटांच्या जागेकडे पाहा. चांगल्या पडद्यावर तिथे त्वचा आधी किंचित लालसर होते, मग तपकिरी होत जाते, आणि नेमका बदल कुठे झाला ते दाखवता येत नाही. टीव्ही रंग ओढूनताणून गडद करत असेल तर तीच जागा नारिंगी होते, आणि छटा नीट सांभाळता येत नसतील तर तिथे नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या पायऱ्या दिसतात. मागून उजेड आलेला असेल तर कानाची पाळी पाहा. तिच्यातून रक्ताचा तांबूसपणा जाणवला पाहिजे. त्यानंतर केस आणि सदऱ्याची कॉलर पाहा. कडेला बारीक पांढरी रेघ मारल्यासारखी दिसली तर शार्पनेस गरजेपेक्षा जास्त आहे असे समजावे. शार्पनेसची निर्लेप जागा काही संचांत शून्यावर, तर काहींत मध्यावर असते, म्हणून ती रेघ जाईपर्यंत आकडा कमी करत राहावा.

अंधाऱ्या दृश्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. काळा किती काळा आहे, एवढेच लोक पाहतात. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि पूर्ण विझूही शकतो, त्यामुळे तिथे त्या प्रश्नाचा निकाल लागलेलाच असतो. खरी परीक्षा काळ्याच्या लगेच वर असलेल्या छटांची असते. अंधाऱ्या खोलीत काळा कोट घातलेला माणूस असलेले दृश्य लावा. कोटाच्या चुण्या, काळी बटणे, मागच्या कपाटाची कड हे सगळे दिसले पाहिजे, पण त्यासाठी कोट राखाडी होता कामा नये. काही पडदे हे सगळे एका काळ्या डबक्यात बुडवतात आणि पाहणाऱ्याला तो गडद काळेपणाच वाटतो. काही पडद्यांवर त्याच जागी मुंग्या वळवळल्यासारखे चौकोन हलताना दिसतात. यातला काही दोष इंटरनेटवरून दाबून आलेल्या चित्राचा असतो, म्हणून हे दृश्य शक्यतो चांगल्या प्रतीच्या फाइलवरून किंवा डिस्कवरून पाहावे.

एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रात, आणखी एक खूण आहे. जुन्या एसडीआर पद्धतीत चित्र १०० निट (निट हे तेजाचे एकक) तेजाच्या मॉनिटरवर तयार होते, पण घरचा टीव्ही ते हवे तितके उजळ करून दाखवू शकतो. एचडीआरची पीक्यू नावाची जी पद्धत २०१४ मध्ये प्रमाणित झाली, तिच्यात संकेतातल्या प्रत्येक आकड्यासाठी नेमके तेज ठरलेले आहे, थेट १०,००० निटपर्यंत. चित्रपट बहुधा १००० किंवा ४००० निटच्या मॉनिटरवर तयार होतात, आणि त्यातही चेहरे, भिंती, कपडे हे सगळे पट्टीच्या खालच्या भागातच असते. म्हणून अंधाऱ्या खोलीत योग्य मोडवर लावलेल्या दोन चांगल्या संचांत चेहरा जवळजवळ सारख्याच उजेडात दिसायला हवा. फरक दिसावा तो मेणबत्तीच्या ज्योतीत, पाण्यावरच्या चकाकीत आणि ढगाआडच्या सूर्यात. सूर्याचे बिंब ढगातून वेगळे ओळखू येते की सगळा पांढरा डाग होतो, हे पाहा. एखादा संच एचडीआर चित्रपटातली साधी खोलीसुद्धा शेजारच्यापेक्षा दुप्पट उजळ दाखवत असेल, तर तो ठरलेल्या तेजाला सोडून चालला आहे.

डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे. छटा, पायऱ्या, डाग आणि हालचाल यांबाबतीत पुष्कळ ठेवावा. नेमका पांढरा कोणता, याबाबतीत कमी ठेवावा. रंगमापनाची उपकरणे १९३१ साली सीआयई या प्रकाश व रंगाची प्रमाणे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेल्या सरासरी डोळ्याचे प्रमाण धरतात, आणि खरे डोळे त्यापासून थोडेथोडे वेगळे असतात. उपकरणाने सारखेच मोजलेले दोन पांढरे, एक एलसीडीवरचा आणि एक ओएलईडीवरचा, दोन माणसांना वेगवेगळे दिसू शकतात. तुमच्या वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांना निळा तुमच्यापेक्षा अधिक जाणवेल, कारण वयाने पिवळसर झालेले भिंग काढून टाकलेले असते. म्हणून त्यांनाही दुकानात घेऊन जा.

उन्हातली_खोली यांचे उत्तर

करडा_पडदा यांचे विवेचन मी दोनदा वाचले. अंधाऱ्या खोलीपुरते त्यातले अक्षर न् अक्षर मान्य आहे. पण प्रश्नकर्त्यांच्या खोलीत उजव्या हाताला मोठी खिडकी आहे, आणि दिवसा त्या खिडकीमुळे सगळे गणित बदलते.

एक साधा हिशोब करतो. समजा, चित्रातला पांढरा २०० निटचा आहे. ओएलईडीचा काळा शून्य आणि मिनी एलईडीचा काळा ०.०५ निट धरू. अंधारात हा फरक प्रचंड आहे. आता खिडकीच्या उजेडामुळे दोन्ही पडद्यांवरून १ निट इतके परावर्तन तुमच्या डोळ्यांत येते असे धरा. पहिल्याचे प्रमाण २०१ ला १ होते आणि दुसऱ्याचे सुमारे १९१ ला १. हा फरक कोणालाही दिसणार नाही. दिवसा चित्राचा कस पडद्याचे परावर्तन आणि एकूण तेज यांवर ठरतो, काळा किती गडद आहे यावर ठरत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि बंद पडद्याकडे पाहा. मोबाइलचा टॉर्च लावून तो पडद्यासमोर तिरका धरा. चकचकीत पडद्यावर दिव्याचे लहान, स्पष्ट प्रतिबिंब दिसेल. ते त्रासदायक असते, पण पडद्याची जागा थोडी बदलून टाळता येते. मॅट पडद्यावर तोच उजेड धुक्यासारखा पसरतो. प्रतिबिंब ओळखू येत नाही, मात्र आजूबाजूचा काळा भाग फिका पडतो. क्वांटम डॉट (रंग देणारे अतिसूक्ष्म कण) असलेल्या ओएलईडी पडद्यांत बाहेरचा उजेड शोषणारा ध्रुवणाचा थर नसतो, त्यामुळे त्यांतले अनेक पडदे खोलीच्या उजेडात जांभळट राखाडी दिसतात. रात्री दिवे मालवल्यावर त्याच पडद्यांचे रंग अप्रतिम असतात, हेही तितक्याच आवर्जून सांगतो.

दुसरी गोष्ट तेजाच्या आकड्याची. जाहिरातीतला निटचा मोठा आकडा बहुधा पडद्याच्या छोट्याशा भागावर, अनेकदा १० टक्के किंवा त्याहूनही कमी क्षेत्रावर पांढरा दाखवून मोजलेला असतो. सगळा पडदा उजळला की ओएलईडी स्वतःचे तेज बरेच उतरवतो. दुकानात बर्फाच्छादित डोंगराचे किंवा ढगांवरून जाणाऱ्या विमानाचे दृश्य लावा आणि ते अंधाऱ्या दृश्यानंतर लगेच लावा. बर्फ चमकतो की मळलेल्या चादरीसारखा दिसतो, हे एका क्षणात कळते. या कसोटीत चांगला मिनी एलईडी पुढे असतो, आणि दिवसभर बातम्यांचे पांढरे फलक दाखवण्यासाठी हाच गुण कामाचा आहे.

मिनी एलईडीचा दोष तुम्ही पाहिलाच आहे. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. मागचा प्रकाश २००० झोनमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे कमीजास्त होणाऱ्या भागांत, विभागलेला आहे असे धरले, तरी एका झोनच्या वाट्याला ४००० हून अधिक पिक्सेल येतात. एखादा तारा दाखवायचा तर त्याच्या भोवतीचा सगळा झोन थोडा तरी उजळावा लागतो. हे तपासायला सबटायटल उत्तम. चित्राच्या खालच्या काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे उमटताना पट्टी उजळते का, आणि अक्षरे गेल्यावर तो उजेड मागे रेंगाळतो का, ते पाहा. हे समोरून पाहून झाल्यावर दोन पावले बाजूला सरकून पुन्हा पाहा. बहुतेक मिनी एलईडी संचांत व्हीए प्रकारचे पॅनेल असते. समोरून त्याचा काळा चांगला असतो, पण बाजूने पाहिले की रंग उतरतात आणि वलये वाढतात. कोचाच्या कडेला रोज कोणी बसत असेल तर हे महत्त्वाचे आहे.

शेवटची गोष्ट चित्राच्या दर्जाची नाही, पण दहा वर्षांचा विचार आहे म्हणून सांगतो. एकाच वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी रोज अनेक तास एकाच जागी राहणार असेल, तर ओएलईडीत त्या जागेचे पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात. दोघांच्या चित्रपटांसाठी हा धोका नगण्य आहे, वडिलांच्या बातम्यांसाठी नाही.

चोवीस_चौकटी यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत स्थिर चित्राचाच विचार झाला आहे. हालचालीबद्दल थोडे लिहितो, कारण मोठ्या पडद्यावर तीच आधी खटकते.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) असतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवणाऱ्या, पडद्यावर २४ चौकटी समान वाटून बसत नाहीत, म्हणून एक चौकट तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवली जाते, म्हणजे एक ५० मिलिसेकंद आणि दुसरी सुमारे ३३. कॅमेरा आडवा फिरत असेल तर चाल लंगडी वाटते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा बसते, पण टीव्ही ती तशी बसवतो की नाही हे पाहावे लागते. त्यासाठी कॅमेरा एखाद्या कुंपणावरून किंवा कठड्यावरून संथपणे सरकतो असे दृश्य निवडा आणि एकाच उभ्या गजावर नजर ठेवा. तो समान पावलांनी सरकला पाहिजे.

समान पावलांनी सरकूनही तो ओएलईडीवर अडखळल्यासारखा वाटेल. हा संचाचा बिघाड नव्हे. ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे प्रत्येक चौकट लख्ख उभी राहते आणि मग एकदम पुढची येते. एलसीडीचा पिक्सेल सावकाश बदलतो आणि ती उडी थोडी पुसली जाते. छायालेखक या अडचणीशी पूर्वीपासून परिचित आहेत. आडव्या हालचालीत एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसरीकडे जायला साधारण सात सेकंद लागावेत, असा त्यांचा ढोबळ संकेत आहे. त्याहून वेगाने कॅमेरा फिरवला तर चित्रपटगृहातही दृश्य थरथरते.

यावर उपाय म्हणून टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतात. हे सेटिंग जोरात ठेवले की चित्रपट एखाद्या स्टुडिओतल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, आणि चालणाऱ्या माणसाच्या पायांभोवती किंवा पंख्याच्या पात्यांभोवती पाण्यासारखी लहर उठते. पूर्ण बंद ठेवणे हा आदर्श असला, तरी ७७ इंची ओएलईडीवर मी स्वतः ते सर्वांत खालच्या पायरीवर ठेवतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. संचागणिक या खालच्या पायरीचा दर्जा फार वेगळा असतो, म्हणून दुकानात सेटिंग बंद, सर्वांत कमी आणि मध्यम अशा तिन्ही स्थितींत तेच दृश्य पाहा. खेळ मुळात सेकंदाला ५० किंवा ६० चौकटींनी येतात, त्यांना याची गरज फारशी पडत नाही.

जुना_४३_इंची

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी पेन ड्राइव्हवर चार दृश्ये घेऊन गेलो. सोबत वडील होते. विक्रेत्याने संच घरगुती मोडवर आणून दिला, आणि आम्ही प्रत्येक संचासमोर खुर्च्या ओढून अर्धा अर्धा तास बसलो.

पिवळेपणाबद्दल करडा_पडदा यांनी लिहिले तसेच झाले. सात-आठ मिनिटांनी तो जाणवेनासा झाला आणि नंतर बाजूच्या रांगेतले व्हिविड मोडवरचे संच मला निळ्या काचेतून पाहिल्यासारखे वाटले. काळ्या कोटाच्या दृश्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. दुसऱ्या भेटीत ज्या ओएलईडीने मला काळ्याने दिपवले होते, त्यात कोटाची खालची दोन बटणे दिसतच नव्हती. मिनी एलईडीत ती दिसत होती, पण कोट राखाडी होता. त्याच दुकानातल्या दुसऱ्या एका ओएलईडीत बटणेही दिसली, त्यांच्या काजांचा दोराही दिसला, आणि कोट काळाच राहिला. तो संच आधीच्या तिन्ही भेटींत मी पाहिलादेखील नव्हता, कारण तो कोपऱ्यात होता आणि सर्वांत कमी लख्ख दिसत होता.

वडिलांनी मात्र बर्फाच्या दृश्यावरून मिनी एलईडीला कौल दिला. त्यांची शस्त्रक्रिया खरोखरच दोन वर्षांपूर्वी झाली आहे.

एक प्रश्न राहिला. ३ मीटरांवरून ७७ इंच मोठा होईल का, आणि ८के घेण्यात अर्थ आहे का?

करडा_पडदा

त्या बटणांबद्दल वाचून फार आनंद झाला. एवढे बारकाईने पाहणारा माणूस चुकीचा टीव्ही घरी आणणार नाही.

७७ इंची पडद्याची रुंदी सुमारे १७० सेंटिमीटर असते. पडद्याने नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापावा असे धरले तर अंतर सुमारे ३.२ मीटर येते, आणि चित्रपटगृहासारखा ४० अंशांचा कोन हवा असेल तर सुमारे २.३ मीटर. तुमचे ३ मीटर या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणजे आकार योग्य आहे.

८केबद्दल असे की, निरोगी डोळा साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. ७७ इंची ४के पडद्याचा एक पिक्सेल सुमारे ०.४४ मिलिमीटरचा असतो, आणि तो दीड मीटरांपलीकडून वेगळा दिसत नाही. तुम्ही त्याच्या दुप्पट अंतरावर बसणार आहात. तो खर्च ८केवर करू नये. चित्र येते त्या स्रोतावर केलेला खर्च जास्त दिसेल. अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते, तर इंटरनेटवरून येणारा ४के चित्रपट बहुधा १५ ते २५ मेगाबिटमध्ये बसवलेला असतो. धूर, पाऊस आणि मंद उजेडातल्या भिंती यांत हा फरक तुमच्या डोळ्यांना नक्की कळेल.

हिरवे_मैदान यांचे उत्तर

थोडा उशिरा लिहितो आहे, पण संच घरी येण्याआधी हे वाचावे. दुकानातला संच आणि घरी येणारा संच एकाच मॉडेलचे असले तरी पॅनेल निराळे असते, आणि पडद्याचा सारखेपणा प्रत्येक पॅनेलमध्ये वेगळा असतो.

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी आलेल्या एलसीडी संचावर चित्रपट सुरेख दिसत. महिनाभराने एक फुटबॉल सामना पाहताना कॅमेरा मैदानावरून सरकला की पडद्याच्या मध्याच्या थोडे डावीकडे एक मळकट उभा पट्टा जागच्या जागी उभा असल्याचे लक्षात आले. गवत सरकत होते, पट्टा सरकत नव्हता. एकदा तो दिसल्यावर पुढे प्रत्येक सामन्यात दिसत राहिला. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला आणि हे मर्यादेत बसते असे लिहून गेला, तोवर संच परत करण्याची मुदतही संपली होती.

म्हणून संच बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन चित्रे लावून पाहा. एक संपूर्ण पडदाभर ५० टक्के करडा, तो एलसीडीतले डाग आणि कडेचा काळवंडलेपणा दाखवतो. दुसरा ५ टक्के करडा, तो दिवे पूर्ण मालवून ओएलईडीवर पाहावा. त्यात उभ्या रेघा थोड्याफार असतातच, पण चालू चित्रात त्या दिसत असतील तर लगेच तक्रार नोंदवावी. दोष शोधत तासन्‌तास बसू नये. दोन्ही चित्रे दोन-दोन मिनिटे पाहिली की पुरे.

जुना_४३_इंची

कोपऱ्यातला तो ओएलईडी घेतला आणि परवा तो भिंतीवर बसला. उन्हातली_खोली यांचा हिशोब वडिलांना वाचून दाखवला होता. त्यांनीच सुचवले की जुना ४३ इंची त्यांच्या खोलीत न्यावा आणि बातम्या तिथेच पाहाव्यात, त्यामुळे वाहिनीच्या पट्टीचा प्रश्न मिटला. नवा पडदा खिडकीपासून थोडा तिरका बसवला आहे, आणि दुपारचे प्रतिबिंब आता कोचावरून दिसत नाही.

५ टक्के करड्यात उजव्या बाजूला दोन अस्पष्ट उभ्या रेघा आहेत. काल रात्रीच्या चित्रपटात त्या मी मुद्दाम शोधल्या, तरी सापडल्या नाहीत. पहिल्या रात्री चित्र दुकानातल्यापेक्षा बरेच अंधारे वाटत होते. तपासले तेव्हा विजेची बचत करणारे सेटिंग कारखान्यातूनच चालू आलेले होते. ते बंद केले, हालचालीचे सेटिंग सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले आणि पेन ड्राइव्हवरचे काळ्या कोटाचे दृश्य पुन्हा लावले. दोन्ही बटणे दिसली.